काढलं तरी परत येतं : रीफ टँकमधल्या आगंतुकांचा बंदोबस्त

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. त्यात लाइव्ह रॉकवर (जिवंत जीव बसलेला समुद्री दगड) नाहीतर नव्या फ्रॅगवर (लावायला आणलेला कोरलचा तुकडा) बसून जे काही येतं, त्याबद्दल बहुतेकांची तक्रार एकच असते : "मागच्या महिन्यात काढलं होतं, परत आलं." मग औषध बदलतात, दुकान बदलतात, एखादा वैतागून अख्खा टँक मोडतो. परत येण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा त्या जीवाच्या वाढण्याच्या रीतीतच सापडतं. कोणी तुकड्यातून वाढतं, कोणी अंडी घालतं, कोणी नुसतं आपण टाकलेल्या जास्तीच्या खाण्यावर पोसलं जातं. ती रीत कळली की काय करायचं आणि किती दिवसांनी पुन्हा करायचं, दोन्ही ठरतं.

हात घालण्याआधी ओळख पटवून घ्या. टँकचे लाइट गेल्यावर दोनेक तासांनी, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा. पांढऱ्या उजेडाला दडून बसणारे बरेच जीव लाल उजेडात बिनधास्त फिरत असतात. फोटो काढायचा तर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद करा, काच आतून-बाहेरून पुसा, फोन काचेला सरळ टेकवा आणि लाइट पांढरा ठेवा. गर्द निळ्या उजेडातल्या फोटोवरून कोणालाही काही सांगता येत नाही, तरी ग्रुपवर रोज तसलेच फोटो येतात. दुरुस्तीवाले घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग घरात असू द्या, फार उपयोगी पडतं.

आयप्टेशिया : सगळ्यात चिवट

तपकिरी, अर्धपारदर्शक देठ, वर लांब टोकदार स्पर्शिका, आणि काडीने डिवचलं की क्षणात दगडाच्या भोकात गुडुप. हे आयप्टेशिया, काचेसारखं दिसणारं छोटं समुद्रफूल. त्याचा भाऊबंद माजानो बुटका असतो, स्पर्शिकांची टोकं फुगीर आणि बऱ्याचदा हिरवट किंवा गुलाबी, त्यामुळे नवीन लोक त्याला कोरल समजून लाडाने वाढवतात. गोंधळ होतो तो फेदर डस्टर किड्याशी. तो नळीत राहतो आणि त्याचा पिसारा नळीत ओढला जातो. नळी दिसली तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो पाणी गाळून खाणारा निरुपद्रवी जीव आहे.

आयप्टेशिया खरवडून काढणं हा सगळ्यात वाईट उपाय. ते बुडाजवळचे बारीक तुकडे मागे सोडत सरकतं आणि प्रत्येक तुकड्याचं नवं आयप्टेशिया होतं. म्हणजे ब्लेडने खरवडलं की आपणच त्याची रोपं लावतो. शिवाय त्याच्या शरीरात कोरलसारखीच सहजीवी शेवाळं असतात. उजेड असेल तर त्यांच्यावर भागतं, नसेल तर ती शेवाळं गमावून पांढरं पडूनही ते पकडलेल्या खाण्यावर तग धरतं. त्यामुळे संपमध्ये (टँकखालच्या गाळणीच्या टाकीत), तिकडे पाणी जाणाऱ्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, परत येणाऱ्या रिटर्नच्या पाइपात ते निवांत राहतं आणि आपण फक्त समोरच्या दगडावरचीच मोजत बसतो. या चिवटपणापायीच कोरल आणि शेवाळाचं सहजीवन अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांत ते मुद्दाम पाळतात. 2015 मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. आपल्याकडे शिव्या खातं, तिकडे थाटात राहतं.

बोटांवर मोजण्याइतकी असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लगदा उत्तम. हा म्हणजे चुनाच. पानपट्टीवरच्या डबीतला वापरू का, असं हमखास विचारतात. रसायन तेच, पण त्यात आणखी काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीची पावडर घ्या. थोड्या आरओ पाण्यात कालवून सिरिंजमधून जेमतेम बाहेर येईल इतकी घट्ट करा. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

सगळे पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. सिरिंजचं टोक वरून, सावकाश, स्पर्शिकांना न दुखवता तोंडाच्या तबकडीपर्यंत न्या आणि एक थेंब सोडा. घाई केली नाही तर आयप्टेशिया तो थेंब खाणं समजून ओढून घेतं. स्पर्शिका आत वळतात, तोंड मिटतं. त्याच वेळी उरलेला लगदा त्याच्यावर आणि ते ज्या भोकात शिरतं त्या भोकावर घालून बुजवून टाका. आधी डिवचलं तर ते आत जातं, चुना बाहेरच राहतो आणि चार दिवसांनी महाशय पुन्हा हजर. दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू करण्याआधी सैल झालेला चुना बारीक नळीने ओढून घ्या, शेजारच्या कोरलवर उडाला तर तिथली त्वचा जळते. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, म्हणून लहान टँकमध्ये एका बैठकीत तीन-चारच करा. लिंबाचा रस बुडात टोचणं, बाटलीबंद तयार औषध घालणं, हेही त्याच कामाचे उपाय, फक्त टोचताना देठ फाटला तर पुन्हा तुकडे होतात. चौथ्या दिवशी त्याच जागेच्या आसपास तळहाताएवढ्या भागात नीट बघा. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं दिसतील. ती याच वेळी गेली पाहिजेत. हे तीन-चार आठवडे चालवायचं. पहिल्या दिवशीच जिंकलो म्हणणारे लोकच पुढच्या महिन्यात तक्रार करतात.

दगड छोटा आणि सुटा असेल तर मी चुन्याच्या भानगडीत पडत नाही. बाहेर काढून छिन्नीने तो टवका मुळासकट उडवतो आणि टवका कचऱ्यात.

दगड उकळून काढा, असा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. झोआंथिड आणि विशेषतः पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. असे दगड उकळल्यावर किंवा त्यांच्यावर उकळतं पाणी ओतल्यावर वाफेतून ते श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं, अगदी पाळीव कुत्र्यासकट, दवाखान्यात गेल्याची प्रकरणं परदेशात नोंदलेली आहेत. कोरडे दगड ब्रशने घासतानाही तोच धोका. हातमोजे, चष्मा, आणि बंद स्वयंपाकघरात तर अजिबात नाही.

संख्या हाताबाहेर गेली असेल तर खाणारा जीव आणावा लागतो, आणि तिथे फसवणूक फार. पेपरमिंट कोळंबी बऱ्याचदा चांगलं काम करते. अंग पारदर्शक, त्यावर लाल उभ्या रेघा. पण तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी विकली जाते. तिच्या पाठीला ठळक कुबड असतं, लालसोबत पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, आणि ती आयप्टेशिया सोडून मऊ कोरल आणि झोआंथिड कुरतडते. दुकानदारही मुद्दाम फसवतो असं नाही, वरून आलेल्या पेटीवर जे लिहिलेलं तेच तो सांगतो. कॉपरबँड बटरफ्लाय मासा लांब चोचीने आयप्टेशिया टिपतो खरा, पण बंदिस्त पाण्यात त्याला खायची सवय लावणं कठीण, म्हणून फक्त या कामासाठी आणू नये. बर्गिया ही छोटी समुद्री गोगलगाय आयप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. मिळाली तर सोनं, पण काम रात्री करते, जम बसायला काही महिने घेते, आणि टँकमध्ये रास (Wrasse) जातीचे मासे किंवा पेपरमिंट कोळंब्या असतील तर तीच त्यांचा खाऊ होते. आयप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते, म्हणून तेव्हा दुसऱ्या गरजूला द्या.

काटेरी किडा दिसला म्हणून बोंब मारू नका

ब्रिसल वर्म रात्री दगडाखालून निघतो, गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना पांढरे केस. मेलेल्या माशावर चार-पाच जमलेले दिसले की खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. ते मेलेलंच खातात. कुजकं काढणारी ही फुकटची फौज आहे, टँकमध्ये असू द्या. खूप झाले असतील तर तुमचं खायला घालणं जास्त होतंय, ते कमी केलं की किडेही कमी होतात. हातमोज्याशिवाय दगड उचललात तर केस बोटात शिरतात, चिकटपट्टी लावून ओढून काढा. खऱ्या फायर वर्मचे केस दाट पांढऱ्या झुपक्यांसारखे असतात आणि त्यांच्या बुडाशी लाल-केशरी कल्ले उठून दिसतात. तो मात्र काढलेला बरा. डोक्यावर पाच स्पर्शिका आणि अंगावर इंद्रधनुषी चमक असलेला जाड किडा दिसला तर तो युनिसच्या जातीचा, दगडासकट बाहेर.

अ‍ॅस्टेरिना हे नखाएवढे, वेडेवाकडे पाय असलेले पांढुरके तारामासे अर्धे तुटून वाढतात. बहुतेक काचेवरचं शेवाळच खातात. एखादी जात झोआंथिडवर बसलेली वारंवार दिसली तरच उचला. काचेवरची दोन मिलिमीटरची पांढरी वेटोळी निरुपद्रवी. कोपेपॉड आणि अँफिपॉड या बारीक कवचधारी जीवांना पाहून घाबरणाऱ्याला मी टँकची तब्येत उत्तम असल्याचं कळवतो.

अंडी घालणारे : इथे कॅलेंडर लागतं

कोरलवर जगणारे चपटे किडे आणि समुद्री गोगलगायी यांच्यात हरण्याचं कारण एकच : डिपने (कोरल औषधी पाण्यात बुडवण्याने) किडा मरतो, अंडी मरत नाहीत.

अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचं कोरल खाणारा चपटा किडा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, कोरलच्याच रंगाचा होऊन फांदीला चिकटतो. दिसतात ती त्याची कामं. कोरलचा रंग उतरतो, पॉलिप (कोरलचे स्पर्शिकांचे छोटे जीव) आत राहतात, आणि भिंगातून फांदीवर फिकट गोल चावे दिसतात. बुडाशी, जिथे त्वचा मेलेली असते त्या उघड्या सांगाड्यावर, तपकिरी-सोनेरी अंड्यांची चटई असते. टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) फांदीवर जोरात पाणी मारा. तीळभर चपट्या पापुद्र्यासारखं काही उडालं तर तेच. आता गणित असं : पाणी उबदार असेल तर अंडी लवकर फुटतात, थंड असेल तर तीन आठवड्यांपर्यंतही थांबतात. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायच्या आत त्याला गाठायचं. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी डिप, सलग सहा आठवडे, आणि प्रत्येक वेळी भिंगाखाली अंडी खरवडणं. अंडी लागलेला मेलेला भाग बोन कटरने छाटून टाकलात तर निम्मं काम होतं. जुना प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) ठेवूच नका. जी कॉलनी दगडाला पक्की चिकटली आहे आणि बाहेर येत नाही, तिचा निर्णय जड असतो. तिच्या चांगल्या फांद्यांचे फ्रॅग करून उरलेलं बूड काढावं, असं माझं मत. एक आजारी कॉलनी वाचवताना शेजारच्या पाच जातात.

माँटिपोरा कोरल खाणाऱ्या गोगलगायीचंही तेच वेळापत्रक. ती पांढरी, दोन-तीन मिलिमीटरची, पाठीवर बोटांसारखे फाटे, आणि कोरलच्या पानाच्या खालच्या बाजूला बसते. म्हणून वरून बघून काहीच कळत नाही. झोआंथिड खाणारी तर ज्या पॉलिपवर जेवते त्याचा रंग अंगावर घेते. न उघडणारी झोआंथिडची झुपकी उचलून, उलटी करून, देठांच्या मधल्या फटीत बघा. पांढऱ्या चक्राकार रिबनीसारखी अंडी तिथे सापडतात.

लाल प्लॅनारिया वेगळं प्रकरण. हा गंजाच्या रंगाचा, मागे तीन टोकं असलेला चपटा किडा कोरल खात नाही, पण इतका वाढतो की कोरलवर चादर पसरावी. त्याच्या अंगातही शेवाळं असतात, म्हणून दिवसा, भरपूर उजेडात, प्रवाह मंद असेल तिथे जमतो. आपल्यालाही तेच सोयीचं. भर दुपारी एअर पंपची बारीक नळी घेऊन ओढून काढायचे, रोज थोडे थोडे. बाजारातलं औषध त्यांना मारतं, पण मरताना त्यांच्या अंगातून विष सुटतं आणि हजारो एकदम मेले तर मासेही सोबत जातात. त्यामुळे औषधाआधी जमतील तितके ओढून काढा. पाव टँक भरेल इतकं मिठाचं पाणी आधीच कालवून, योग्य तापमानाला आणून ठेवा. ताजा कार्बन (विष शोषून घेणारा कोळसा) हाताशी असू द्या. औषध रविवारी सकाळी घाला, रात्री अकराला घालून झोपायला जाऊ नका.

नळीतली गोगलगाय

वर्मेटिड. दगडातून वर आलेली कडक, टोकदार नळी, हात फिरवला की कापते. ती चिकट जाळं पाण्यात सोडते आणि त्यात अडकलेलं खाते. ते जाळं कोरलवर लोळत राहिलं की पॉलिप चिडून मिटतात. पंप बंद करून चिमूटभर बारीक खाणं सोडा, धागे तरंगताना दिसतील आणि कोणती नळी जिवंत आहे तेही कळेल. नळीचं टोक मोडून उपयोग नाही, ती आत खोल सरकते आणि नळी पुन्हा बांधते. जेल सुपरग्लूचा थेंब तोंडावर बसवून बुजवा. पातळ सुपरग्लू पाण्यात पसरून वाया जातो, जेलच लागतं. बारीक भुकटीचं कोरल फूड रोज घालणाऱ्यांकडे हा त्रास जास्त. ते आठवड्यातून एकदावर आणा, नाहीतर तुम्ही भोकं बुजवत राहाल आणि ती वाढत राहतील.

रात्री टिकटिक, सकाळी एक मासा कमी

टिकटिक ऐकू आली म्हणजे मँटिस श्रिंपच (ठोसा मारून शिकार करणारा कोळंबीसारखा जीव), असं नाही. पिस्टल कोळंबी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आवाज त्याचा. ती सहसा कोणाला त्रास देत नाही. मँटिसचा पुरावा म्हणजे फुटलेल्या गोगलगायी, खेकड्यांची रिकामी कवचं, आणि दगडाच्या भोकातून बघणारे देठांवरचे दोन डोळे. भोक नक्की कोणतं ते रात्री हेरून ठेवा. दगड सुटा असेल तर बादलीवर धरून त्या भोकात थंड सोडा वॉटर सिरिंजने मारा, साधं, बिनसाखरेचं. जो असेल तो टपकन बाहेर येतो. हात मात्र लांब. मोठ्या मँटिसचा ठोसा नख फोडतो.

खेकड्यांत सरसकट मारहाण नको. केसाळ पाय आणि काळ्या टोकाच्या नांग्या असलेला, ज्याला गोरिला क्रॅब म्हणतात, तो मोठा झाला की मासे आणि कोरल दोन्हींवर हात टाकतो. पण पॉसिलोपोराच्या फांद्यांत राहणारा चकचकीत, गुळगुळीत ट्रापेझिया हा त्या कोरलचा रखवालदार आहे. समुद्रात तो काटेरी मुकुटाच्या तारामाशालासुद्धा चिमटे काढून हाकलतो. फ्रॅगसोबत आला तर नशीब समजा. गोरिलासाठी काचेचा उभट ग्लास वाळूत तिरका, काठ दगडाला टेकवून ठेवा, तळाशी कोळंबीचा तुकडा आणि वजनाला दोन खडे. दगडावरून तो आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही. पहिल्या रात्री ब्रिसल वर्मच सापडतील. ग्लास ठेवत राहा.

दारातच अडवायचे ते

नवीन फ्रॅग आला की सर्वात आधी त्याचा प्लग तोडा. अंडी आणि आयप्टेशिया सगळ्यात जास्त प्लगच्या बुडाशी आणि जुन्या ग्लूच्या घडीत असतात. पांढऱ्या वाडग्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात आयोडीन किंवा कोरलसाठीचं तयार डिप बाटलीवरच्या प्रमाणात घाला, आणि सांगितलेला वेळ बेस्टरने सतत पाणी मारत राहा. वाडगा पांढरा असण्याला कारण आहे, तळाशी काय पडलं ते दिसतं. मग साध्या टँकच्या पाण्यात दोनदा खळबळून नव्या प्लगवर लावा. डिपचं पाणी कधीही टँकमध्ये परत नको. बागेचं कीटकनाशक डिप म्हणून वापरणारे लोक आहेत आणि त्याने किडे मरतातही. तरी आपल्याकडच्या बाटल्यांमध्ये मूळ औषधाबरोबर कोणते द्रावक मिसळलेत ते कळत नाही. शिवाय थेंबभर राहिलं तरी टँकमधल्या कोळंब्या आणि खेकडे जातात. मी घरात आणत नाही.

डिपनंतर वेगळ्या छोट्या टँकमध्ये सहा आठवडे. हीटर, छोटा पंप, साधा लाइट, आणि तळ उघडा, वाळू नको. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा कुठे, हे मान्य, पण पंधरा-वीस लिटरची टाकी बाल्कनीच्या कपाटाखालीही बसते. मे महिन्यात तिचं तापमान तेवढं बघा, चिलर मोठ्या टँकला असतो, हिला नसतो. सहा आठवड्यांत अंडी फुटायची ती फुटतात, आयप्टेशिया यायचं ते येतं, आणि वीस लिटरमध्ये ते पकडणं सोपं जातं.

दगडाचं म्हणाल तर कोरडा बेस रॉक घ्या, जिवाणू बाटलीतून किंवा ओळखीच्या स्वच्छ टँकमधल्या मीडियातून (गाळणीत भरलेल्या मालातून) आणा. टँक तयार व्हायला वेळ लागतो, आगंतुक मात्र येत नाहीत. मालवणला सुट्टीत गेलो तेव्हा किनाऱ्यावरून एक छान भोकाभोकांचा दगड आणला, असं कोणी कौतुकाने सांगतं तेव्हा त्याला किड्यांपेक्षा मोठी काळजी आहे, कारण असा दगड मेलेलं कोरल असू शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळी कठीण कोरल 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा मेलेला होता, ही सबब तिथे चालत नाही.

आणि टँकमधून काढलेलं काहीही, खेकडा असो की दगडाचा टवका, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. हा माल इंडोनेशियापासून कॅरिबियनपर्यंत कुठूनही आलेला असतो. पिशवीत बांधून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. पिशवीवर नाव लिहा, घरातलं कोणी सुकट समजून उघडायला नको.